सबवूफर नंतर बघू भाऊ, आधी ते स्पीकर स्लॅबखालून खाली उतरवा

यावल तालुक्यातून एका भाऊंचं पत्र आलंय, थोडक्यात इथे देतो. "नवीन घर बांधलं. वरच्या मजल्यावर १० बाय १३ ची खोली गाण्यासाठी ठेवली, उंची पण १० फूट, खाली टाइल्स, वर स्लॅब. साडेसहा इंची वूफरचे (वूफर म्हणजे खालचा, जाड आवाज काढणारा मोठा पडदा) दोन बुकशेल्फ स्पीकर घेतले आणि ब्रॅकेट ठोकून पार वर लावले, एक कोपऱ्यात, दुसरा खिडकीच्या वर. समोरच्या भिंतीला दिवाण आहे, त्यावर बसून ऐकतो. दुकानात फार गोड वाजले होते. घरी डग्गा नुसता घुमतो, गाणाऱ्याचा आवाज छताकडून कुठून तरी येतो. दुकानदार म्हणतो सबवूफर घ्या म्हणजे आवाज भरेल. घ्यावा का? दुपारी आई त्या खोलीत झोपते, म्हणून दिवाण हलवता येणार नाही. आणि स्पीकर आडवे ठेवले तर चालतात का?"

भाऊ, सबवूफर घेऊ नका, निदान आत्ता तरी नाही. तुमच्या खोलीत बेस, म्हणजे तो खालचा जाड आवाज, कमी पडलेला नाहीये, तो एकाच सुरावर फुगलाय, आणि त्यात अजून एक बेसचा डबा आणून ठेवला तर जे घुमतंय तेच आणखी जोरात घुमेल. स्पीकर चांगले आहेत हे तुम्ही स्वतःच्या कानाने दुकानात ऐकलंय, घरी येईपर्यंत ते बिघडले नाहीत, फक्त चुकीच्या जागी बसले. जागा बदलायला पैसे लागत नाहीत, एखादा मोकळा रविवार, मेजर टेप, सुतळी आणि हाताखाली घरातलं एखादं पोरगं एवढं बस झालं.

आधी तो घुमणारा सूर येतो कुठून ते सांगतो, ते कळलं की पुढचं बरंचसं तुमचं तुम्हालाच सुचेल. आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये तो ये-जा करत राहतो आणि ज्या सुराची अर्धी लाट त्या दोन भिंतींच्या अंतरात नेमकी बसते तो सूर खोलीत अडकतो आणि फुगतो. हिशोब अगदी सोपा आहे, ११३० ला अंतराच्या दुपटीने भागायचं. तुमची १३ फुटांची लांबी, म्हणजे ११३० भागिले २६, साधारण ४३ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४३ कंपनं. रुंदी १०, म्हणजे ५६ हर्ट्झ. आणि उंची पण १०, म्हणजे पुन्हा तेच ५६. दोन भिंतींची जोडी आणि वरून जमीन-स्लॅबची जोडी, दोघी एकाच सुराला धरून बसल्यात, आणि साडेसहा इंची वूफर तिथपर्यंत आरामात उतरतो, म्हणून नेमका तोच सूर तुमचा जीव खातोय. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकला की आवाजाचा वेग वाढतो आणि हे आकडे दोनेक हर्ट्झ वर सरकतात, पण तेवढ्याने काही फरक पडत नाही, हिशोब तोच.

यावर विश्वास ठेवायचा नसेल तर नका ठेवू, कानाने बघा. मोबाइलवर टोन जनरेटरचं एखादं फुकट अॅप घ्या, ५६ हर्ट्झचा सलग टोन तुमच्या स्पीकरवर लावा, आवाज बारीकच ठेवा कारण सलग टोन मोठ्याने लावला तर वूफरची कॉइल जळू शकते. आता खोलीच्या बरोबर मध्यावर उभे राहा, उभ्या माणसाचा कान ५ फुटांच्या आसपास असतो, तिथे टोन जवळजवळ गायब झालेला असेल. तसेच हळूहळू खाली बसा, कान जमिनीजवळ न्या, टोन वाढत वाढत जाईल. मग स्टुलावर चढून डोकं स्लॅबजवळ न्या, परत मोठा. आता बाजूच्या भिंतीकडे चालत जा, तिथेही वाढेल. स्पीकरला हात लावला नाही, व्हॉल्यूमला हात लावला नाही, तरी फूट-दोन फुटांवर एवढा फरक. पहिल्यांदा हे ऐकणारा माणूस स्पीकरकडे बघतच राहतो, घरातल्या सगळ्यांना बोलवून ऐकवा, विशेषतः ज्यांना वाटतं तुम्ही उगाच खटाटोप करताय त्यांना.

आता यातली मुख्य गोष्ट ही की जिथे तो सूर मोठा ऐकू येतो तिथेच स्पीकर ठेवला तर तो सूर सगळ्यात जास्त भडकतो, आणि तिथेच कान ठेवला तर सगळ्यात जास्त ऐकू येतो. तुमचे स्पीकर स्लॅबला चिकटून आहेत, त्यातला एक कोपऱ्यात म्हणजे दोन भिंती आणि छत तिन्हींच्या खिंडीत, आणि तुम्ही स्वतः मागच्या भिंतीला पाठ लावून दिवाणावर. खोलीतल्या बेस भडकवणाऱ्या जागा शोधून शोधून निवडल्यासारखं झालंय. यात तुमची चूक नाही, ब्रॅकेट आणि कोपरा हे आपल्याकडे सगळीकडेच चालतं कारण खाली पोरं असतात, सामान असतं, झाडूपोछा असतो.

आपल्या जुन्या धाब्याच्या घरात हा त्रास एवढा का नव्हता असं बऱ्याच जणांना वाटतं, तर तिथे वर लाकडी सरे आणि फळ्या, त्यावर माती, खाली सारवलेली जमीन, ते सगळं थोडं थोडं हलायचं आणि बेस खाऊन टाकायचं. सिमेंटचा स्लॅब आणि प्लास्टरची भिंत काही खात नाही, जेवढं दिलं तेवढं परत फेकते. आणि कापसाचं म्हणाल तर ते तुम्हाला मी काय सांगू, भाव वाढायची वाट बघत घरात कापूस भरून ठेवलेला असतो त्या खोलीत जाऊन एकदा टाळी वाजवा. टाळी तिथल्या तिथे मरते, बोलताना आपलाच आवाज आपल्याला बारीक वाटतो. मग वरच्या नव्या खोलीत येऊन तशीच टाळी वाजवा, झण्ण करून वर जाते. दोन खोल्यांमधला हा फरक लक्षात ठेवा, कापसाकडे परत येतो.

तर मांडणी. १० फुटांच्या भिंतीसमोर, खिडकीच्याच बाजूला, दोन्ही स्पीकर खाली स्टँडवर आणा. बाजूच्या भिंतीपासून प्रत्येक स्पीकरचा मध्य २ फुटांवर, म्हणजे दोघांमध्ये ६ फूट राहतील, आणि वूफरचा पडदा मागच्या म्हणजे खिडकीच्या भिंतीपासून ३ फुटांवर. एवढं पुढे बघून घरचे ओरडतील हे मला माहितीये. पण कारण असं की वूफरचा बेस मागेही जातो, भिंतीवर आपटून परत येतो आणि एका ठराविक सुरावर पुढच्या आवाजाला मारतो. १ फुटावर ठेवला तर तो खड्डा साधारण २८२ हर्ट्झला पडतो, ऐन गळ्याच्या आवाजात, २ फुटांवर १४१, ३ फुटांवर ९४. बाजूची भिंत आणि जमीन पण असेच आपापले खड्डे पाडतात, म्हणून मागची भिंत, बाजूची भिंत आणि जमीन ही तिन्ही अंतरं एकसारखी येऊ देऊ नका, नाहीतर तिन्ही खड्डे एकाच जागी पडतील आणि तिथला आवाज पार बसेल.

दोन्ही स्पीकर आपापल्या बाजूच्या भिंतीपासून सारख्याच अंतरावर हवेत याचा तुमच्या खोलीत जास्तीचा फायदा आहे. रुंदीचा जो ५६ चा सूर आहे त्याला एका भिंतीशी दाब वाढायला लागतो तेव्हा दुसऱ्या भिंतीशी कमी व्हायला लागतो. दोन्ही वूफर एकाच वेळी सारखाच जोर लावतात, रस्सीखेचमध्ये दोन्हीकडून सारखी ताकद लागली की दोर जागचा हलत नाही तसं होतं, आणि रुंदीचा सूर फारसा उठतच नाही. राहिला फक्त उंचीचा, आणि स्पीकर स्लॅबजवळून खाली उतरवले की तोही बराच खाली येतो.

आता तुम्ही कुठे बसायचं. दिवाण हलवू नका, आईंची झोप मोडायची गरजच नाही, ऐकताना फक्त एक खुर्ची दिवाणाच्या पुढे टाका, पाठ जास्त उंच नसलेली, कानामागे लाकूड किंवा प्लास्टिक यायला नको. तुमचं डोकं खिडकीच्या भिंतीपासून साधारण ८ फूट २ इंचावर येऊ द्या. दोन स्पीकरमध्ये ६ फूट आणि प्रत्येक स्पीकरपासून तुमच्यापर्यंत पण ६ फूट, असा तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण त्या जागी बरोबर बसतो, मागे पावणेपाच फूट उरतात, त्यात दिवाण आहे तसा राहतो. खोलीच्या बरोबर मध्यावर, साडेसहा फुटांवर मात्र बसू नका, तिथे लांबीचा ४३ चा सूर मरतो आणि बेस पोकळ लागतो. दोन स्पीकरमधून मधोमध गायक उभा करायची कल्पना अॅलन ब्लुमलाइन या इंग्रज इंजिनियरने १९३१ मध्ये पेटंटच्या अर्जात मांडली, तेव्हापासून हा त्रिकोण काही बदललेला नाही, बसणाऱ्याने दोघांच्या बरोबर मधे बसायचं.

इथे सुतळी कामाला येते. सुतळीचं एक टोक डाव्या स्पीकरच्या ट्विटरजवळ, म्हणजे वरचा बारीक आवाज काढणाऱ्या छोट्या पडद्याजवळ, पोराला धरायला सांगा, दुसरं टोक ताणून तुमच्या नाकाच्या शेंड्यापर्यंत आणा आणि तिथे गाठ मारा. मग तेच टोक उजव्या ट्विटरला, गाठ परत नाकाशी आली पाहिजे. ४ इंचांचा फरक पडला तरी एक आवाज दुसऱ्याच्या आधी पोचतो आणि गायक जवळच्या स्पीकरकडे सरकतो. त्याच वेळी उंची पण बघून घ्या, खुर्चीवर बसल्यावर तुमचा कान जमिनीपासून किती वर आहे ते मोजा, बहुतेक माणसांचा ३ फुटांच्या थोडा वरच भरतो, ट्विटर तेवढ्या उंचीवर हवा. लोड-तक्क्याला टेकून खाली बसून ऐकायची सवय असेल तर स्टँड तेवढे बुटके लागतील, आधी बसायचं कसं ते ठरवा आणि मगच स्टँड करायला टाका. स्टँड महागाचे आणू नका, वेल्डिंगवाल्याकडून चौकोनी पाईपचे करून घ्या, पाईपमध्ये चाळलेली कोरडी वाळू भरा म्हणजे तो वाजत नाही, तळाला रबराचे तुकडे लावा. ऐकून झालं की स्टँड भिंतीकडे सरकवता येतात, जमिनीवर चारही पायांच्या जागी रंगीत टेपच्या खुणा करून ठेवा म्हणजे दुसऱ्या दिवशी परत मोजत बसायला नको.

वायर एकदा तपासा. लाल-काळी एका स्पीकरला उलटी लागली असेल तर गायक मधोमध कधीच उभा राहत नाही, आवाज दोन्ही कानांच्या बाहेर पसरतो आणि बेस पातळ होतो. शंका असेल तर अँप म्हणजे अॅम्प्लिफायर बंद करून फक्त एकाच स्पीकरची वायर उलटवा आणि ऐका, ज्या जोडणीत गळा मधे येतो आणि बेस भरतो ती बरोबर.

मग गाणं लावा. पहिल्यांदा एखादी जुनी, मोनो काळातली, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येणारी रेकॉर्ड, एकच गायक आणि थोडी साथ. ज्या जुन्या गाण्यांना नंतर ओढूनताणून स्टीरिओ केलंय ती यासाठी घेऊ नका, त्यात गळा मुद्दाम पसरवलेला असतो. गळा दोन स्पीकरच्या बरोबर मधे, हाताच्या पंजाएवढ्या जागेतून आला पाहिजे. पसरट वाटला तर स्पीकर थोडे तुमच्याकडे वळवा, फार टोचायला लागला तर परत उघडा, आधी असे वळवा की दोघांच्या रेषा तुमच्या डोक्याच्या थोड्या मागे एकमेकींना कापतील, तिथून कानाने ठरवा. यात बरोबर अंश कोणी सांगू शकत नाही, प्रत्येक ट्विटर वेगळा असतो.

बेससाठी मात्र डग्ग्याइतकी चांगली परीक्षा मला दुसरी माहीत नाही. संथ लयीतला तबला लावा, जिथे वादक मनगटाने डग्ग्याची पुडी दाबत सूर खालून वर चढवतो ती मींड नीट ऐका. चांगल्या जागी ती सगळी सारख्या जोराने वर जाते. वाईट जागी मधला एखादा तुकडा भसकन मोठा होतो, एखादा नाहीसाच होतो, जसा पायरीचा एक दगड निखळावा तसं नव्हे, अगदी त्या वादकाने तो सूर वाजवलाच नाही असं वाटतं. असं झालं की दोन्ही स्पीकर ३-४ इंच पुढे किंवा मागे करा, तोच तुकडा परत लावा, खुर्ची पण थोडी हलवून बघा. एका वेळी एकच गोष्ट हलवायची आणि वहीत लिहून ठेवायचं, नाहीतर तासाभराने काय केल्याने काय झालं हे कोणालाच आठवत नाही. तंबोऱ्याची एखादी रेकॉर्ड असेल तर तीही लावा, पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६५-७० हर्ट्झच्या आसपास बोलते, ती इतर तारांच्या बरोबरीने ऐकू आली पाहिजे, त्यांना गिळून टाकायला नको.

आता कापूस. खुर्चीवर बसा, पोराला आरसा घेऊन बाजूच्या भिंतीला टेकवत चालायला सांगा, आरशात ज्या जागी तुम्हाला ट्विटर दिसेल तिथे आपटून आलेला आवाज तुमच्या कानाशी पोचतो. त्या जागी माळ्यावर पडलेली जुनी कापसाची गादी उभी करा, भिंतीपासून २-३ इंच पुढे. ४ इंची गादी साधारण ३००-४०० हर्ट्झच्या वरचा आवाज चांगला खाते, टाळीची ती झण्ण बऱ्यापैकी जाते. ५६ च्या घुमण्यावर तिचा उपयोग नाही, ते काम जागेनेच होतं, म्हणून गाद्या आधी आणि जागा नंतर असं करू नका. एकाच बाजूला गादी आणि दुसरीकडे लोखंडी कपाट असं पण नको, शक्य तेवढं दोन्हीकडे सारखं. जाड गोधडी चालेल पण नुसती चादर फक्त वरची बारीक किणकिण खाते आणि आवाज मठ्ठ करते. मागच्या भिंतीला दिवाणाच्या वर एक गादी टांगली तर तुमच्या खोलीत सगळ्यात जास्त फरक पडेल. अंड्याचे ट्रे आणि थर्माकोल लावू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. त्यांचा आवाजाला काही उपयोग होत नाही आणि ठिणगी पडली तर ते भडकतात. कापूसही पेट घेतो, म्हणून गादी अँप आणि बोर्डापासून लांबच ठेवा.

ऐकताना पंखा बंद करा. डोक्यावर फिरणाऱ्या पात्यांवरून आवाज परावर्तित होतो आणि लांबवलेला सूर थरथरतो, तंबोऱ्यावर तर लगेच कळतं. कूलर चालू असताना बारीक काही ऐकूच येत नाही, म्हणून उन्हाळ्यात पहाटे किंवा रात्री उशिरा बसा. आणि तो टोन जनरेटर ४० पासून १२० पर्यंत हळूहळू चढवत न्या, कपाटाची काच, फळीवरचे स्टीलचे डबे, खिडकीचं ग्रिल, जे जे खणखणतं ते एकेक सापडेल, त्यातलं बरंचसं तुम्ही आतापर्यंत स्पीकरच्या नावावर खपवलं असेल.

हे सगळं करून महिनाभर ऐका. त्यानंतरही खालचा आवाज कमी वाटला, डग्ग्याच्या तळाशी काही राहून गेलंय असं वाटलं, तर सबवूफर जरूर घ्या, मी त्याच्या विरोधात नाही. पण त्याची जागा दुकानदाराने ठरवायची नाही. तो बॉक्स तुमच्या खुर्चीच्या जागी ठेवा, बेस असलेलं गाणं लावा आणि तुम्ही स्वतः भिंतीच्या कडेकडेने रांगत जा, जिथे बेस सगळ्यात सारखा आणि स्वच्छ ऐकू येईल तिथे बॉक्स ठेवा आणि तुम्ही परत खुर्चीवर या. आवाजाचा रस्ता उलटा केला तरी तोच राहतो, म्हणून हे जमतं.

आडवे ठेवण्याबद्दल: नको. तुमच्या स्पीकरमध्ये ट्विटर वर आणि वूफर खाली आहे, उभा असला की डोकं डावी-उजवीकडे हललं तरी दोघांपासूनचं अंतर सारखंच राहतं. आडवा केला की थोडं सरकलं तरी एक जवळ आणि एक लांब होतो, दोघे जिथे एकमेकांना काम सोपवतात तिथला आवाज मरतो, आणि तो भाग बहुतेक गळ्याचाच असतो. टीव्हीच्या खाली जागा नाही म्हणून आडवे टाकायचा विचार असेल तर टीव्ही वर चढवा, स्पीकर उभेच राहू द्या.